घरी केलेल्या अँटेनाने रेंज वाढते का, आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर वस्तीपासून बाजूला, मोबाइलचा टॉवर सात-आठ किलोमीटरवर, मध्ये झाडी आणि एक उंचवटा. राऊटरमध्ये सिम आहे. घरात एखादी काडी दिसते, दिवसा वेग दीड-दोन एमबीपीएस, संध्याकाळी तोही राहत नाही. डब्याचा अँटेना करावा, जुनी डिश वापरावी की जुन्या टीव्ही अँटेनासारखा यागी? आणि मुळात घरी केलेल्या वस्तूने काही फरक पडतो का?

पडतो, चांगला पडतो. मी बरीच वर्षं असे अँटेना करतोय, खांबावर चढवतोय आणि फसलेले खाली उतरवतोय. जे फसले ते बहुतेक तार चुकीची वाकवल्यामुळे फसले नाहीत. कुठला टॉवर, कुठला बँड (म्हणजे लहरींचा कुठला पट्टा), केबल किती लांब, याचा हिशोब न करता आधीच पक्कड हातात घेतली म्हणून फसले. त्यामुळे डबा की डिश, या वादाकडे मी जरा उशिराच येणार आहे.

सर्वांत आधी काड्या विसरा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आपापल्या मर्जीने ठरवतात. त्याऐवजी राऊटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे शोधा. फोनवर बघायचं असेल तर आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* लावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* चालतं. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोहोचतोय ते. तो उणे डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं डेसिबलचं, म्हणजे डीबीचं माप) असतो: उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, उणे ११०च्या पुढे ओढाताण आणि उणे १२०च्या आसपास जोडणी तुटायला लागते. काही जुनी डोंगलं याऐवजी आरएसएसआय दाखवतात आणि इथे बरेच जण फसतात. २० मेगाहर्ट्झच्या ४जी वाहिनीत १२०० उपवाहक, म्हणजे शेजारीशेजारी चालणाऱ्या बारीक लहरी, असतात. आरएसआरपी त्यातल्या एकाची ताकद सांगतो, आरएसएसआय सगळ्यांची बेरीज. दोघांत तीसेक डीबीचा फरक सहज पडतो. त्यामुळे आरएसएसआय उणे ८० बघून कोणी खूश झालं असेल, तर खरी स्थिती कदाचित उणे ११०ची असते.

पण वेग ठरवतो तो दुसरा आकडा, एसआयएनआर. आपला सिग्नल बाकीच्या गोंगाटाच्या किती वर आहे, हे तो सांगतो. तो शून्याच्या आसपास असला की टॉवर जपून, प्रत्येक चिन्हात (लहरीच्या एका ठोक्यात) २ बिट घालून पाठवतो, आणि त्यातलेही बरेचसे चूक-दुरुस्तीसाठी खर्च होतात. २०च्या वर गेला की त्याच चिन्हात ६ किंवा जास्त बिट बसतात. वाहिनी तीच, पैसे तेच, वेग मात्र कितीतरी पट. एका घरी मला आरएसआरपी उणे ९५ मिळत होता, म्हणजे तक्रार करायला जागा नाही, पण एसआयएनआर जेमतेम १. दोन टॉवर दोन बाजूंनी सारख्याच जोराने ऐकू येत होते आणि एकमेकांवर ओरडत होते. अँटेना असा फिरवला की दुसरा टॉवर बरोबर त्याच्या पाठीमागे गेला. आरएसआरपी उलट २ डीबीने घसरला, एसआयएनआर ११वर गेला आणि व्हिडिओ अडकायचा थांबला. तेव्हापासून मी अँटेनाकडे जास्त ऐकणारा कान म्हणून बघत नाही. नको ते ऐकायचं नाकारणारा कान म्हणून बघतो. पुढचं सगळं याच नजरेने वाचा.

संध्याकाळी वेग पडतो, त्याबद्दल एक कडू गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. रात्री दोन-तीन वाजता वेग मोजा. आकडे तेच असूनही तेव्हा वेग भरपूर येत असेल, तर तुमची अडचण रेंजची कमी आणि टॉवरवरच्या गर्दीची जास्त आहे. अँटेना रस्ता रुंद करत नाही. तुमच्या वाट्याला जेवढा वेळ येतो त्यात जास्त बिट कोंबता येतात, एवढाच फायदा. तो फायदा खरा असतो, पण गर्दी तशीच राहते. कधीकधी दुसऱ्या, कमी गर्दीच्या बँडवर राऊटर बांधून ठेवल्याने जास्त काम होतं आणि त्याला तारही लागत नाही.

बँड कळल्याशिवाय कुठलंही माप घेता येत नाही. राऊटरच्या त्याच पानावर बँडचा क्रमांक असतो: ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१००, ४० म्हणजे २३००, २८ म्हणजे ७००. ३००ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बँड ३सारख्या बँडमध्ये तुम्ही १७१० ते १७८५वर बोलता आणि १८०५ ते १८८०वर ऐकता. म्हणजे अँटेना एका आकड्यासाठी नाही, १७१० ते १८८० या अख्ख्या पट्ट्यासाठी कापायचा असतो. लोक फक्त ऐकण्याच्या बाजूचं माप धरतात. डाउनलोड सुधारतं, पण राऊटरचं बोलणं टॉवरपर्यंत पोहोचत नाही. राऊटर जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने बोलतो, टॉवर त्याच्या कितीतरी पट. दूरच्या घरात आधी थकतो तो आपला आवाज. चांगला अँटेना ऐकण्यात जेवढी मदत करतो तेवढीच बोलण्यात करतो, म्हणून हा सौदा फायद्याचा.

सेल आयडीचा आकडाही टिपून ठेवा. ४जीमध्ये त्याला २५६ने भागलं की पूर्णांक भाग टॉवरचा क्रमांक असतो आणि बाकी त्या टॉवरचा सेक्टर, म्हणजे त्याची कुठली बाजू. समजा आयडी १२३४६९० आहे, तर टॉवर ४८२३ आणि सेक्टर २. अँटेना फिरवताना आपण मध्येच दुसऱ्याच टॉवरवर उडी मारली का, हे यावरून कळतं. सुरुवातीच्या काळात मी १८००साठी देखणा यागी केला, अर्धा दिवस घालवून टॉवरवर रोखला आणि फरक काहीच पडेना. राऊटर भलत्याच टॉवरच्या ८५०च्या बँडवर बसला होता आणि तो सिग्नल केबलच्या जोडातून गळत आत येत होता. अँटेनाचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

आता डेसिबलचा हिशोब. घरात आरएसआरपी उणे ११२ आहे असं धरू. राऊटर भिंतीबाहेर आला की साधारण १० डीबी परत मिळतात. छप्पर पत्र्याचं असेल तर २०सुद्धा. जमिनीपासूनची उंची दुप्पट केली की मोकळ्या भागात ६ डीबीच्या आसपास मिळतात; २ मीटरवरून ४वर गेलं की एकदा, ४वरून ८वर गेलं की पुन्हा एकदा. मधला उंचवटा डोक्यावरून मोकळा होत असेल तर याहूनही जास्त. घरी केलेल्या अँटेनाचे, राऊटरच्या मूळ दांड्यांच्या तुलनेत, ७-८ डीबी धरा. म्हणजे या तिघांत अँटेनाचा वाटा सर्वांत मोठा नाहीच. म्हणून कोणी विचारलं की मी आधी म्हणतो, राऊटर एका लांब वायरवर लावून गच्चीवर किंवा शिडीच्या टोकावर न्या आणि आकडे वहीत लिहा. पाऊण तास जाईल. कित्येकदा काम तिथेच संपतं.

उंचीबद्दल थोडं आणखी, कारण टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे रस्ता मोकळा आहे असं होत नाही. लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत. दोन टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला असा एक लांबट पट्टा त्यांना लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ८ किलोमीटर अंतर आणि १८०० मेगाहर्ट्झ धरले तर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे १८ मीटर होते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. उंचवटा त्यात घुसला की तोटा सुरू. झाडांचं वेगळंच. पानं ओली झाली की जास्त खातात आणि २३०० मेगाहर्ट्झला ८५०पेक्षा बरंच जास्त खातात. त्यामुळे दाट झाडीमागे असाल तर खालचा बँड मिळतोय का ते आधी बघा, मग त्याचा कमाल वेग कागदावर कमी असला तरी चालेल.

केबलकडे मात्र लोक शेवटी बघतात, आणि मिळवलेलं सगळं इथे सांडतं. आरजी-५८ नावाची बारीक काळी केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डीबीच्या आसपास खाते. १५ मीटर टाकली की ११ डीबी गेले, म्हणजे अँटेनाने कमावलेलं सगळं गेलं आणि वर खिशातून भरावे लागले. एलएमआर-४०० तेवढ्याच अंतराला ३ डीबी खाते, पण ती महाग आणि वाकवायला ताठ. मधला मार्ग म्हणजे डिश टीव्हीची आरजी-६. ती ७५ ओहमची आणि राऊटर ५० ओहमचा, म्हणून लोक तिला हात लावत नाहीत. हिशोब केला तर या विजोडीमुळे परत फिरणारी शक्ती फक्त ४ टक्के आहे, ०.२ डीबीही नाही. १५ मीटरला ४-५ डीबी तोटा. बारीक केबलपेक्षा कितीतरी बरी. फक्त तिची बाहेरची जाळी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची असते, तिला साधं कथील चिकटत नाही. त्यामुळे सोल्डरच्या नादी न लागता एफ-कनेक्टर दाबून बसवा आणि पुढे अॅडॅप्टर लावा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सर्वांत चांगली केबल म्हणजे न टाकलेली केबल. राऊटरच पावसापासून बंद डब्यात घालून खांबावर अँटेनाच्या पाठीमागे बसवा, अँटेनाची केबल हातभर ठेवा आणि खाली इथरनेटची वायर आणा. इथरनेट १०० मीटरपर्यंत आकडा न गमावता येते आणि तिच्यातूनच वीजही वर पाठवता येते. यूएसबी डोंगल असेल तर साध्या वायरवर ५ मीटरच्या पुढे जाऊ नका. डबा पांढरा, प्लास्टिकचा, सावलीकडे आणि खालच्या बाजूला दोन बारीक भोकं. उन्हात तापून बंद पडलेले राऊटर मी पावसात बिघडलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

आता अँटेनाचा प्रकार. टिनच्या डब्याचा अँटेना फोटोत छान दिसतो, म्हणून सगळ्यांना तो करावासा वाटतो. पण डब्याचा व्यास मनाप्रमाणे चालत नाही. मिलिमीटरमधल्या व्यासाने १७५.७ला भागलं की ज्या गिगाहर्ट्झच्या खाली डबा लहर आत घेतच नाही तो आकडा मिळतो, २२९.५ला भागलं की ज्याच्या वर दुसऱ्याच प्रकारची लहर आत शिरून घोळ घालते तो. आपला पट्टा या दोन्हींच्या मध्ये बसायला हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला ८०-९० मिलिमीटरचा डबा चालतो, १८००ला ११० लागतो आणि ८५०ला २३५, म्हणजे जवळजवळ बादली. एवढं करून लाभ, म्हणजे सगळीकडे सारखं ऐकणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत मिळणारी वाढ, ८-९ डीबीआय. वायफायसाठी मजा म्हणून करा. सिमच्या इंटरनेटसाठी मी तो करत नाही.

यागी म्हणजे छपरांवरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखा, एका दांड्यावर ओळीने आडव्या काड्या असलेला. जपानमध्ये उदा आणि यागी यांनी १९२६ साली तो जगापुढे मांडला आणि आजही त्याला तोड नाही. पण घरी करायला मी तो नवख्याला सुचवत नाही. १८०० मेगाहर्ट्झला त्याच्या काड्या आठ सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात. त्यात २ मिलिमीटर चुकलं की अडीच टक्के चुकलं. दांडा धातूचा असेल तर त्यासाठी लांबी वेगळी दुरुस्त करावी लागते. शिवाय जास्त काड्यांचा यागी अरुंद पट्ट्यावरच नीट चालतो, आणि आपल्याला १७१० ते १८८० म्हणजे जवळजवळ १० टक्के रुंदी हवी. ८५० मेगाहर्ट्झला मापं दुप्पट होतात आणि चुका निम्म्या वाटतात. तिथे यागी करायला हरकत नाही.

मी करतो तो बायक्वाड. तारेचे दोन चौकोन, कोपऱ्याला कोपरा लावून, मागे पत्रा. लाभ कागदावर १०-११ डीबीआय, घरी केलेल्यात ९ धरा. रुंद पट्ट्यावर चालतो आणि एक-दोन मिलिमीटरची चूक पोटात घालतो. अर्ध्या दिवसात होतो.

चौकोनाची प्रत्येक बाजू पाव तरंगलांबी. बँड ३साठी मधला आकडा १७९५ धरला तर तरंगलांबी १६७ मिलिमीटर, म्हणून बाजू ४२ मिलिमीटर. बँड ५साठी ८७, बँड १साठी ३७, बँड ४०साठी ३२. तार तांब्याची, एकसंध, दीड ते अडीच मिलिमीटर जाड. घरातल्या वायरिंगची जाड एकतारी वायर सोलून घेतली तरी चालते. आठ बाजू, म्हणजे बँड ३ला ३३६ मिलिमीटर. तार आधी दोन पकडींत धरून ताणून सरळ करा, ४२ मिलिमीटरवर पेनाने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर काटकोन द्या. मध्यातून सुरुवात, चार बाजूंनी एक चौकोन, परत मध्यात, मग उरलेल्या चार बाजूंनी दुसरा चौकोन आणि तारेचं टोक सुरुवातीच्या टोकाला सोल्डर. मध्यात आता दोन बिंदू समोरासमोर येतात: एक जिथे दोन टोकं जुळली तो, दुसरा जिथे तार मधेच वळली तो. या दोघांत २-३ मिलिमीटर फट राहिली पाहिजे, ते एकमेकांना चिकटता कामा नये. केबलची आतली तार एका बिंदूला, जाळी दुसऱ्याला.

मागचा पत्रा तांब्याचा, पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा, साधारण एक तरंगलांबी चौरस, म्हणजे बँड ३साठी १७० बाय १७० मिलिमीटर. सर्किट बोर्डाचा कोरा तांब्याचा तुकडा मिळाला तर उत्तम, सोल्डर सोपं जातं. पत्रा आणि तार यांतलं अंतर तरंगलांबीच्या एक अष्टमांश, इथे २१ मिलिमीटर. या अंतराला मात्र जपा. बाजूचं माप जरा इकडेतिकडे झालं तर अँटेना माफ करतो. हे अंतर एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला २५ झालं तर करत नाही. बाहेरच्या कोपऱ्यांखाली प्लास्टिकचे सारख्या उंचीचे ठोकळे लावा. केबल पत्र्याच्या मध्यातल्या भोकातून सरळ वर आणा.

आता मल्टिमीटर लावला की तो पीं वाजेल आणि तुम्ही घाबराल. आतली तार आणि जाळी शॉर्ट झालीय असं वाटेल. बायक्वाड असाच असतो. तो बंद वेटोळा आहे, साध्या विजेला तो शॉर्टच दिसणार. १८०० मेगाहर्ट्झला तो तसा नसतो. या एका कारणाने लोकांनी चांगले अँटेना तोडून पुन्हा केल्याचं मी पाहिलंय. उलट मीटर वाजला नाही तर सोल्डर कच्चा आहे. व्हीएनए हे छोटं मोजमापयंत्र हाताशी असेल तर एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते त्याचं माप) बघा. पट्टाभर २च्या खाली असला की पुढे घासत बसू नका. २ असताना परत फिरते ती शक्ती ११ टक्के, म्हणजे अर्धा डीबी. तेवढा तर केबलच्या एका मीटरमध्ये जातो.

एक अँटेना केला आणि थांबलात तर मात्र अर्धच काम झालं. ४जी राऊटर दोन अँटेनांवर दोन वेगळे प्रवाह एकदम घेतो, यालाच मायमो म्हणतात. एकच लावला तर आरएसआरपी सुधारूनही वेग कधीकधी घटतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो. टॉवरवरचे अँटेना सहसा उभे-आडवे नसतात. एक डावीकडे ४५ अंश, एक उजवीकडे ४५ अंश, असे तिरके असतात. तेव्हा दोन बायक्वाड करा आणि तसेच तिरके लावा. इंग्रजी आठसारखा उभा धरलेला बायक्वाड आडव्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याची लहर आडवी डोलते; आडवा पाडला की उभ्या ध्रुवणाचा. त्या आठच्या आकृतीला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ४५ अंश कलवा, झालं. दोघांच्या मध्यांत २०-२५ सेंटिमीटर अंतर पुरे, दोघांची तोंडं एकाच दिशेला, आणि केबल सारख्याच प्रकारच्या.

डिशचं काय? ६० सेंटिमीटरच्या डिशला १८०० मेगाहर्ट्झवर १८ डीबीआयच्या आसपास लाभ निघतो, ८५०वर जेमतेम १२. म्हणजे वरच्या बँडला ती खरोखर ताकदवान, खालच्या बँडला मेहनत वाया. तिच्यावरचा एलएनबी उपग्रहाच्या १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी असतो, तो काढा आणि त्याच जागी बायक्वाड डिशकडे तोंड करून बसवा. यात एक खोच आहे. या डिश ऑफसेट असतात, ज्या दिशेला तोंड दिसतं त्याच्यापेक्षा २०-२५ अंश वर बघतात. टॉवर तर क्षितिजावर. म्हणून डिश मान खाली घातल्यासारखी, जमिनीकडे झुकलेली दिसली पाहिजे. सरळ उभी लावली तर ती टॉवरच्या डोक्यावरचं आकाश न्याहाळत बसते. किरण जेमतेम २० अंशांचा, वारा लागला की खांब हलतो आणि आकडे नाचतात. बायक्वाडच्या जोडीने भागलं नाही तरच डिशकडे जा. राऊटरला किंवा डोंगलला बाहेरचा अँटेना जोडायची सोयच नसेल, तेव्हा मात्र डिश कामाची: डोंगल लांब यूएसबी वायरवर डिशच्या केंद्रबिंदूशी टांगा आणि सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवत आकडे बघा. सोल्डर नाही, केबल नाही. हेर्ट्झने १८८८मध्ये जस्ताचा पत्रा वाकवून हेच केलं होतं.

कनेक्टरवर फार लिहीत नाही, पण दोन खड्डे दाखवतो. राऊटरच्या आटेवाल्या तोंडात मध्ये भोक असेल तर ते साधं एसएमए. मध्ये टाचणी असेल तर ते उलट्या जातीचं आणि बहुधा वायफायचं, तिथे ४जीचा अँटेना लावून काही होणार नाही. डोंगलवरची टीएस-९ आणि सीआरसी-९ ही दोन बारीक तोंडं जुळी भावंडं वाटतात, पण एकात दुसरं दाबून बसवलं की सैल राहतं किंवा तुटतं. आणि काही राऊटरमध्ये बाहेरचा अँटेना वापर असं सेटिंगमध्ये सांगावं लागतं, तो आपणहून ओळखत नाही.

रोखण्याचं काम दोघांनी करा: एक खांबापाशी, एक आकड्यांपाशी. आधी राऊटर एका बँडवर बांधा, नाहीतर तो मधेच बँड बदलून गोंधळ घालेल. मग १० अंश फिरवा, वीस-तीस सेकंद थांबा, लिहा, पुन्हा फिरवा. पूर्ण गोल फिरवा, टॉवर कुठे आहे हे माहीत असलं तरी. उंचवट्यामागच्या घरांना कधीकधी सर्वांत स्वच्छ सिग्नल बाजूच्या डोंगराच्या कड्यावर आपटून येतो. शिखराचा नेमका बिंदू शोधत बसू नका, तो सपाट असतो आणि आकडे हलत राहतात. त्याऐवजी डावीकडे ३ डीबी कुठे पडतो आणि उजवीकडे कुठे, त्या दोन खुणा करा आणि बरोबर मध्ये आवळा. आरएसआरपी आणि एसआयएनआर यांचं भांडण झालं तर एसआयएनआरची बाजू घ्या.

खांबावर चढण्याआधी वर बघा. विजेच्या तारा खांबाच्या लांबीपेक्षा जवळ असतील तर ती जागा सोडा, दुसरी शोधा. खांबाला जाड तारेने अर्थिंग हवंच, केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर हवा, आणि गडगडायला लागलं की केबल काढून ठेवायची. पाणी केबलमध्ये शिरलं की बाहेरून काही दिसत नाही. पहिला पाऊस झाला की हळूहळू ५-६ डीबी कमी होतात आणि माणूस टॉवरला शिव्या देतो. प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतील. अँटेनावर प्लास्टिकचं झाकण घालणार असाल तर त्याचा तुकडा मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या पेल्याशेजारी अर्धा मिनिट ठेवा; गरम झाला तर ते प्लास्टिक लहरी खातं, दुसरं घ्या.

सिग्नल वाढवणारं यंत्र, बूस्टर, लावू का, असंही ओघाने विचारलं जातं. वीज न लागणारा अँटेना आणि वीज लावून लहर मोठी करणारा बूस्टर, या दोन वेगळ्या गोष्टी. बहुतेक देशांत परवान्याशिवाय बूस्टर लावता येत नाही, आणि त्याला कारण आहे: आतला आणि बाहेरचा अँटेना एकमेकांना ऐकू लागले की तो शिट्टी मारणाऱ्या माइकसारखा घुमतो आणि टॉवरवरच्या सगळ्यांचंच बिघडवतो. एसआयएनआर वाईट असेल तर तो गोंगाटही तेवढाच मोठा करतो.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: रात्री दोनचं आणि संध्याकाळचं मोजमाप, शिडीच्या टोकावर राऊटर, बँड बदलून बघणं, मग बायक्वाडची जोडी, राऊटर खांबावर. एवढं करूनही ८ मीटरवर आरएसआरपी उणे ११८ आणि एसआयएनआर उण्यात राहिला, तर उंचवट्याने वाट पुरती अडवलीय. मग मोठा अँटेना करत बसण्याऐवजी उंचवट्यावर जा. तिथे टॉवर स्वच्छ दिसत असेल आणि जागामालक तयार असेल, तर राऊटर, सौर पॅनल आणि बॅटरी तिथे बसवा आणि तिथून घरापर्यंत दोन दिशादर्शक वायफाय अँटेनांची जोडी लावा. समोरासमोर दिसत असेल तर एक-दोन किलोमीटर ती आरामात जाते. फक्त वायफायच्या सेटिंगमध्ये अंतर भरायला विसरू नका. उपकरण उत्तराची वाट किती मायक्रोसेकंद बघायची हे त्यावरूनच ठरवतं, आणि ते घरातल्या अंतरावर राहिलं तर सिग्नल पूर्ण असूनही डेटा पुन्हापुन्हा पाठवला जातो.